मास्तरला विचारा

माझ्या धाकट्या बहिणीला सगळे मास्तर म्हणायचे. शिवणकामाच्या कारखान्यात कापड कापणाऱ्यांचा जो मुख्य असतो त्याला मास्तर म्हणतात. त्या जागेवर तिच्याआधी कधी बाई बसली नव्हती, म्हणून बाईसाठी वेगळा शब्द काढायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. 'मास्तर आली', 'मास्तर चिडली', असंच चालायचं. मी तिची थोरली. तीस वर्षं बस डेपोच्या तिकीट खिडकीत काढली, त्यामुळे माझं बोलणं जरा तिखट आहे, त्याला आता इलाज नाही. कौतुक करायचे दिवस होते तेव्हा मी तिला टोमणेच मारले. आता सांगायला बसलेय ते वेगळंच आहे.

कापण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कापडाचे चाळीस थर एकावर एक, वर कागदाचा फर्मा, त्याच्याभोवती खडूची रेघ, आणि मग यंत्राचं पातं. एक चूक झाली की चाळीस कोट वाया. बारा वर्षांत आपल्या हातून एक थान वाया गेलं नाही, हे ती दर दोन दिवसांनी ऐकवायची. मी म्हणायचे, "बाई गं, तोंडालाही तेवढीच धार आहे तुझ्या, कापड हातानं कापतेस की जिभेनं?" ती म्हणायची, "ताई, जीभ तुझ्याकडून उसनी घेतलीय."

ती बत्तीस वर्षांची होती तेव्हा शाळेच्या बँडपथकाच्या लाल कोटांचं काम आलं. दोन वेगवेगळ्या लाल रंगांची थानं होती, तिनं ती एकच समजून एकाखाली एक लावली आणि सगळा लॉट कापला. शिवून झाल्यावर बघतात तर अंग एका लाल रंगाचं, बाह्या दुसऱ्या लाल रंगाच्या. मालकानं विचारलं, "मास्तर, आंधळी झालीस की काय?" खरंच झाली होती, अर्धी. उजव्या डोळ्याला लाल रंग भिजवून धुतल्यासारखा फिका दिसत होता, आणि हे तिनं तीन आठवडे कुणाला सांगितलं नव्हतं.

डोळा बरा झाला. मग पाय मुंग्यांनी भरले, तेही ओसरलं. मग हाताची बोटं गेली. गेली म्हणजे जागेवरच होती, पण तिला जाणवेनात. एकदा पांढऱ्या कापडावर रक्त दिसलं म्हणून ती पोरींवर ओरडली, कुणाचं बोट कापलंय बघा म्हणून. तिचंच कापलं होतं. डोळ्यांचा डॉक्टर झाला, हाडांचा झाला, एकानं तर 'मनाला लावून घेऊ नका' म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. त्याचं नाव मी अजून विसरलेले नाही, पण तोंड विटाळायला नको. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले आणि सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं आवरण शरीर आपणच कुरतडतं. ती घरी येऊन मला म्हणाली, "कोटाला अस्तर असतं ना ताई, ते आतून विरतंय. बाहेरून कोट बरा दिसतो."

नवरा होता. आजाराच्या तिसऱ्या वर्षी त्यानं बदली मागून घेतली. बदली त्याला मिळाली, घटस्फोट हिला. मी तोवर विधवा झाले होते, माझी खोली रिकामी करून तिच्याकडे राहायला आले. कारखान्यानं तिला बटणं मोजायला बसवलं. दोन महिने तिनं बटणं मोजली आणि मग एक दिवस एप्रन घडी घालून टेबलावर ठेवला आणि घरी आली. त्यानंतर वर्षभर ती खिडकीशी बसून असायची. कुणी विचारायला येत नाही, काही सांगायचं नाही. आपल्याला आजार झालाय यापेक्षा आपलं कुणाला काही काम नाही, हे तिला जास्त खात होतं.

मग इस्पितळातल्या समाजसेविकेनं तिला एका वर्गाला बोलावलं. सहा शनिवार. ज्यांना आजार आहे त्यांनीच दुसऱ्या आजाऱ्यांना शिकवायचं, अशी ती पद्धत. दिवसभराची ताकद कशी पुरवायची, उकाड्यात काय करायचं, पडल्यावर कसं उठायचं, डॉक्टरांना प्रश्न कसे विचारायचे. मी म्हटलं, "आंधळ्यानं आंधळ्याला वाट दाखवायची, वा!" ती म्हणाली, "ज्याचं जळतं त्यालाच कळतं, ताई." आणि सहा शनिवार झाल्यावर तिनं स्वतःचा गट काढला.

जागा शोधायला मी तिच्याबरोबर हिंडले. बाकीचे लोक जागा बघताना खिडक्या बघतात, उजेड बघतात. ही आधी संडास बघायची. दारापासून किती पावलं, उंबरा आहे का, धरायला काही आहे का. या आजारात लागली की लागली, थांबता येत नाही. शेवटी वाचनालयाच्या मागची खोली मिळाली, पायऱ्या नाहीत, संडास सात पावलांवर. पहिल्या शनिवारी चार माणसं आली, वर्षभरात अकरा झाली. चहा मी करायचे. कप अर्धाच भरायचा, हा तिथला नियम, कारण निम्म्या लोकांचे हात थरथरायचे.

काय ती रंगायची तिथं! प्रत्येकानं आठवड्यात करायची एक गोष्ट सांगायची आणि ती होईल याची खात्री दहापैकी किती, तेही सांगायचं. सातच्या खाली आकडा आला तर गोष्ट लहान करायची. बेकरीवाली म्हणायची, "रोज वीस मिनिटं चालेन, दहापैकी चार." मास्तर म्हणायची, "मग दहा मिनिटं चाल. रोज नको, तीन दिवस." आणि पोस्टमन म्हणायचा, "या आठवड्यात बायकोशी भांडणार नाही. दहापैकी दोन." सगळे खोखो हसायचे. प्रत्येकाला वही दिली होती तिनं. किती वाजता काय झालं, काय केलं, मग कसं वाटलं, एवढंच लिहायचं. शनिवारी ती सगळ्यांच्या वह्या वाचायची, पूर्वी शिलाई उलटी करून बघायची तशी. तिला बरं व्हायचं नव्हतं, ते होणार नाही हे तिला कळून चुकलं होतं. तिला एवढंच हवं होतं की कुणीतरी तिला विचारावं आणि तिला उत्तर यावं. आठ वर्षं तिला ते मिळालं, आणि ती आठ वर्षं मी तिला सुखी बघितलं, हे मी कबूल करते.

पोस्टमनबद्दल सांगायला हवं. पन्नाशीला आलेला, उंच, एक पाय ओढत चालणारा. घरोघरी फिरणं सुटलं म्हणून त्याला आत टपाल वेगळं करायला बसवलं होतं. डावा हात सहा वर्षं जड. तो हात दुसऱ्या हातानं उचलून मांडीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "हे पार्सल कुणाचं आहे, पत्ता नाही." वात्रट माणूस. माझ्या चहाला 'नळाचं पाणी, जरा घाबरवलेलं' म्हणायचा. मी त्याला दोन शिव्या घालायचे आणि दुसरा अर्धा कप द्यायचे.

या आजारात एक दुखणं असतं, छातीभोवती कुणीतरी आवळल्यासारखं होतं. बरगड्यांमधल्या स्नायूंचं असतं ते, जिवाला धोका नसतो, पण पहिल्यांदा होतं तेव्हा माणसाच्या तोंडचं पाणी पळतं. गटात त्याला 'पट्टा' म्हणायचे. एका वर्षात तिघंजण पट्ट्यासाठी इस्पितळात धावले. दिवसभर खाटेवर, तपासण्या, तारा चिकटवल्या, आणि संध्याकाळी कुणीतरी कालचा पोरगा डॉक्टर म्हणतो, काही नाहीये, तुमच्या आजाराचंच आहे, उगीच घाबरता. बेकरीवाली तर त्या दगदगीनं पुढचे चार दिवस अंथरुणातून उठली नाही. तेव्हा पोस्टमननंच ठराव मांडला. पट्टा आला की आधी मास्तरला विचारायचं, मग इस्पितळ. अकरा हात वर झाले. कुणाला दोन्ही वर करता येत नव्हते, पण एकेक झाला. समाजसेविकेनं दिलेल्या कागदावर छापलं होतं, छातीत दुखलं तर थेट इस्पितळ. मास्तरनं तिच्या कागदावर त्या ओळीवर काट मारली. मी बघत होते. मला ते शहाणपणाचंच वाटलं.

तो उन्हाळ्यातला मंगळवार होता. सकाळची अकरा-साडेअकराची वेळ. मी भाजी निवडत होते. आमच्याकडे मोठ्या बटणांचा जुना फोन आहे. मोबाइलच्या काचेला तिची बोटं कळत नाहीत, म्हणून गटाच्या पत्रकावरही तोच नंबर छापला होता. फोन मीच उचलला. पोस्टमन म्हणाला, "ताई, मास्तरला द्या, पट्टा आलाय." आवाज नेहमीचाच होता, जरा दमलेला. मी फोन तिच्या मांडीवर नेऊन ठेवला.

तिनं विचारलं, उन्हात गेला होतास का? गेला होता, पत्र्याच्या शेडमध्ये पोती उतरवून घेत उभा होता. घाम? येतोय. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे उकाड्यानंच. मग त्यानं डावा हात जड झालाय म्हटलं, तशी ही हसली आणि म्हणाली, "अरे, तुझा डावा हात सहा वर्षं जड आहे! नवीन काय ते सांग." तोही तिकडून हसला. मीही हसले. तिनं सांगितलं, घरी जा, पंख्याखाली पड, गार पाण्याचा टॉवेल छातीवर ठेव, चोवीस तास बघायचं, संध्याकाळी फोन कर. फोन ठेवून मला म्हणाली, "घाबरला होता गं बिचारा. आता बरा वाटला." तिचा चेहरा उजळला होता. कुणाला धीर दिला की तो तसा व्हायचा.

साडेतीनला त्याच्या बायकोचा फोन आला. पोस्टमन पंख्याखाली, छातीवर ओला टॉवेल घेऊन गेला होता. हृदयविकाराचा झटका. ती म्हणाली, "तुम्हाला कळवायला हवं म्हणून केला," आणि तिनं फोन ठेवला. मी मास्तरला सांगितलं. तिनं विचारलं, "किती वाजता?" मी म्हटलं, तीन. ती बोटांवर मोजायला लागली. अकरा ते तीन, चार तास. बोटं जाणवत नाहीत म्हणून ती एकेक बोट ओठांना लावून मोजत होती. मला ते बघवलं नाही, मी स्वयंपाकघरात गेले.

दोन आठवड्यांनी पोस्टमनची बायको आली. मी दार उघडलं तेव्हा मनात म्हटलं, ओरडेल, शिव्या घालेल, घालू दे, ऐकून घेऊ. ती ओरडली नाही. तिनं पिशवीतून त्याची वही काढली आणि मास्तरच्या पुढं धरली. शेवटचं पान. 'सकाळी सव्वाअकरा. पट्टा. मास्तरशी बोललो. बरं वाटलं.'

"मी म्हणत होते गाडी बोलावते," ती म्हणाली. "दोनदा म्हटलं. ते म्हणाले, मास्तरला माझं शरीर तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

मास्तरनं वही मांडीवर घेतली.

"तुम्हाला कळायला हवं होतं असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही नसता तर मी त्यांना नेलं असतं."

एवढं बोलून ती बसून राहिली. मी पाणी दिलं, ती प्यायली, पेला धुवायला स्वतः उठायला लागली, मी नको म्हटलं. जाताना वही न्यायची राहिली का मुद्दाम ठेवली, कळलं नाही. मी मागून धावत जाऊन दिली. रस्त्यात तिनं ती घेतली आणि माझा हात एकदा दाबला. मला वाटलं, बाई, त्यापेक्षा एक थोबाडीत मार.

पुढच्या शनिवारी मास्तर गटाला गेली. मी म्हटलं नको, तरी गेली. काठी टेकून उभी राहिली आणि सगळं सांगितलं, त्यानं काय विचारलं, तिनं काय उत्तर दिलं, हसली हेसुद्धा. मग बेकरीवाली म्हणाली, "मास्तर, आम्हीही तेच सांगितलं असतं." बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांना वाटलं आपण तिला सावरतोय. घरी येताना ती म्हणाली, "ऐकलंस ना? दहाच्या दहा माणसांनी मारलं असतं त्याला. सगळ्यांना मीच शिकवलं." मी म्हटलं, त्याला तपासणारे डॉक्टर म्हणाले होते, नेलं असतं तरी वाचला असता की नाही सांगता येत नाही. ती म्हणाली, "सांगता येत नाही, हे मी त्याला सांगायला हवं होतं."

त्यानंतर फोन आला की तिचं उत्तर एकच. डोळा धूसर झालाय? इस्पितळात जा. पायाला मुंग्या? इस्पितळात जा. झोप येत नाही? इस्पितळात जा. एकानं विचारलं, मास्तर, उन्हाळ्यात अंघोळीचं पाणी किती कोमट घेऊ? तरी तेच. लोक किती दिवस ऐकतील? ते काही इस्पितळाचा पत्ता विचारायला फोन करत नव्हते. आधी उरलेल्या दहाचे सात झाले, मग चार. बेकरीवाली शेवटपर्यंत आली, खोलीत आम्ही तिघीच, तिसरी मी चहावाली. पावसाळा संपता संपता वाचनालयानं ती खोली चित्रकलेच्या वर्गाला दिली.

ती अंथरुणाला लागली ते आजारानं लागली की कशानं, मला ठाऊक नाही. पायांचे व्यायाम सोडले. गोळ्या मी हातावर ठेवल्या तर घ्यायची, नाही ठेवल्या तर नाही. मी आरडाओरडा केला, रडले, एकदा तर रागानं ताट आपटलं. "इतक्या लोकांना शिकवलंस, स्वतःचं काय?" ती म्हणाली, "ज्यांना शिकवलं त्यांचं काय झालं बघितलंस ना." डॉक्टर घरी येऊन गेले, म्हणाले, मनाचं औषध देऊन बघू. बघितलं. मी तिच्यावर प्रेम करते आणि मला तिचा इतका राग येतो की कधीकधी उशीत तोंड खुपसून ओरडते. पण त्यानं ती काही उठत नाही.

परवा दुपारी फोन वाजला. मी तिची चादर बदलत होते, तिला एका कुशीवर धरून. तशीच हात लांबवून फोन घेतला. एका मुलीचा आवाज, नवखा, घाबरलेला. इस्पितळात कुणाकडे तरी आमचं जुनं पत्रक होतं, त्यावरून नंबर मिळाला म्हणाली. मागच्या आठवड्यात तिला हा आजार निघाला होता. "मास्तर आहेत का? मला थोडं विचारायचं होतं."

मी फोनवर हात ठेवला आणि बहिणीला म्हटलं, "नवीन मुलगी आहे. बोल ना दोन शब्द. काही सांगू नकोस, नुसतं ऐक." ती भिंतीकडे तोंड करून होती. म्हणाली, "सांग, मास्तर गेली."

"अगं, असं कसं सांगू?"

"सांग."

माझी पाठ दुखत होती, चादर अर्धी निघालेली, आणि तिचं सगळं वजन माझ्या एका हातावर. मी वैतागले होते. हेच खरं कारण आहे, दुसरं कुठलंही मी देणार नाही. मी फोन कानाला लावला आणि म्हटलं, "मास्तर गेली, बाळ."

पलीकडून मुलीनं विचारलं, "याच आजारानं का हो?"

मी बहिणीच्या पाठीकडे बघितलं. म्हटलं, "हो."

"वय काय होतं त्यांचं?"

"सत्तेचाळीस."

"मी चोवीसची आहे," मुलगी म्हणाली. मग अगदी हळू, हिशोब करत असल्यासारखं, "म्हणजे तेवीस वर्षं आहेत अजून." मला थँक्यू म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मी तसाच फोन धरून उभी राहिले. आमच्या फोनवर समोरच्याचा नंबर दिसत नाही.